सहावी ते आठवी : विज्ञान आणि धर्मशिक्षण, दोन्ही तास एकाच शिक्षिकेकडे

बावखलकाठी
नमस्कार मंडळी. वसईतल्या एका कॅथलिक शाळेत (मराठी माध्यम, अनुदानित) जूनपासून रुजू झाले आहे. बी.एस्सी. वनस्पतिशास्त्र, मग बी.एड. सहावी ते आठवीचं सामान्य विज्ञान मिळणार हे माहीत होतं. वेळापत्रक हातात आलं तेव्हा कळलं की याच वर्गांचं धर्मशिक्षणही माझ्याकडेच आहे. त्या तासाला वर्ग दोन खोल्यांत बसतो : कॅथलिक मुलं माझ्यासमोर, बाकीची शेजारी मूल्यशिक्षणाला.

मी स्वतः कुपारी, म्हणजे वसईतल्या सामवेदी ख्रिस्ती समाजातली. घरी कादोडी बोलतो, संध्याकाळची जपमाळ चुकत नाही, धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) लहान मुलांना शिकवलेलंही आहे. त्यामुळे विषय परका नाही. अडचण वेगळीच आहे. सातवीला मंगळवारी तिसरा तास विज्ञान आणि लगेच चौथा धर्मशिक्षण. विज्ञानाचा पहिला धडा अनुकूलन व वर्गीकरण, धर्मशिक्षणाचा पहिला पाठ बायबलमधल्या उत्पत्ती या पुस्तकाचा पहिला अध्याय. फळ्यावर सृष्टिनिर्मितीचे सहा दिवस लिहीत होते, तेवढ्यात मागच्या बाकावरून आलं, "टीचर, झाडं तिसऱ्या दिवशी आणि सूर्य चौथ्या दिवशी. मग तिसऱ्या दिवशी प्रकाशसंश्लेषण कशावर चाललं?"

वर्ग हसला. मीही हसले आणि म्हटलं, प्रश्न वहीत लिहून ठेव, पुढच्या मंगळवारी बोलू. आता मंगळवार जवळ आला आहे.

हे दोन्ही विषय कुणी एकत्र शिकवले आहेत का? कसे? कृपया देव आहे की नाही यावर धागा नेऊ नका, त्यासाठी इथे भरपूर धागे आहेत.

शंकासुर
आधी त्या पोराला माझ्याकडून एक चॉकलेट द्या. प्रतिसाद सवडीने.

नगरी_मास्तर
बाई, मी नगरच्या मिशन शाळेतून विज्ञानशिक्षक म्हणून निवृत्त झालो. प्रोटेस्टंट आहे, रविवारची शाळाही वर्षानुवर्षं चालवली. पोरगं हुशार आहे, आणि चांगल्या संगतीत आहे. सूर्यच नाही तर पहिले तीन दिवस, संध्याकाळ आणि सकाळ आली कुठून, हा प्रश्न ओरिजेन नावाच्या ख्रिस्ती पंडिताने तिसऱ्या शतकात विचारून ठेवला आहे. डार्विनच्या सोळाशे वर्षं आधी. हे त्याला जरूर सांगा. आपला प्रश्न पाखंड नाही, जुना आहे, हे कळलं की मूल मोकळं होतं.

एक मात्र करू नका. "देवाचा एक दिवस म्हणजे कोट्यवधी वर्षं" हे उत्तर फार हाताशी असतं, मोह होतो. पण ते टिकत नाही, कारण क्रमच जुळत नाही. उत्पत्तीत पक्षी पाचव्या दिवशी आणि जमिनीवरची जनावरं सहाव्या दिवशी. जीवाश्मांत बरोबर उलट : पक्षी आले ते जमिनीवरच्या डायनासोरांच्याच एका शाखेतून. आठवीतलं चलाख मूल हे दोन मिनिटांत शोधेल आणि मग तुमच्या दोन्ही तासांवरचा त्याचा विश्वास जाईल.

त्यापेक्षा फळ्यावर दोन रांगा करा. डावीकडे पहिला, दुसरा, तिसरा दिवस : उजेड-अंधार, आकाश-पाणी, जमीन. उजवीकडे चौथा, पाचवा, सहावा : ज्योती, पक्षी आणि मासे, जनावरं आणि माणूस. आधी जागा तयार होतात, मग त्याच क्रमाने त्या जागांचे रहिवासी येतात. मुलांना ही रचना स्वतःहून दिसते, बोट दाखवावं लागत नाही. मग विचारा : असं लिहिणारा माणूस वेळापत्रक लिहीत होता का? सूर्य-चंद्राला तिथे नावानेही हाक मारलेली नाही, नुसत्या दोन ज्योती. शेजारची बाबिलोनी मंडळी त्यांना देव मानत होती. लिहिणाऱ्याचा रोख तिकडे आहे, प्रकाशसंश्लेषणाकडे नाही.

शंकासुर
मास्तर, छान. पण हे फार सोयीचं होतंय. अडचण आली की काव्य, अडचण नसली की इतिहास. उद्या तेच पोरगं विचारेल, येशू तिसऱ्या दिवशी उठला तेही दोन रांगांतलंच का? मग?

नगरी_मास्तर
मग सरळ सांगायचं की नाही, ते ख्रिस्ती माणूस घडलेलं म्हणूनच मानतो. प्रेषित पौलाने करिंथच्या ख्रिस्ती मंडळीला पत्रात लिहिलंच आहे, ख्रिस्त उठला नसेल तर आमचा उपदेश व्यर्थ. तिथे काव्याची पळवाट नाही, काढूही नये. विज्ञान म्हणतं मेलेली माणसं उठत नाहीत. ते गालीलच्या कोळ्यांनाही, म्हणजे येशूच्या शिष्यांनाही, ठाऊक होतं, म्हणून तर त्यांच्या लेखी ती बातमी ठरली. तुम्हाला ते पटावं असा आग्रह नाही. मुलांना मात्र कुठे आपण रचना वाचतो आणि कुठे दावा करतो, हे वेगवेगळं सांगायला हवं. सगळंच रूपक म्हणणारा शिक्षक आणि सगळंच अक्षरशः म्हणणारा शिक्षक, दोघंही कष्ट वाचवत असतात.

शंकासुर
पटलं नाही, पण उत्तर प्रामाणिक आहे. +१.

हडसनकाठची
मी न्यू जर्सीत एका कॅथलिक शाळेत सहावी ते आठवीला विज्ञान शिकवते. मी हिंदू, त्यामुळे धर्माचा तास माझ्याकडे नाही. तो शिकवायला कॅथलिक असावं लागतं आणि धर्मप्रांताचं प्रशिक्षणही घ्यावं लागतं. पण माझी सहकारी दोन्ही शिकवते आणि आमच्या खोल्या शेजारी आहेत.

आपल्या लोकांना वाटतं अमेरिकेत ख्रिस्ती शाळा म्हणजे उत्क्रांतीला बंदी. कॅथलिक शाळांत तसं नाही. पोप पायस बाराव्यांनी १९५० मध्येच मानवी शरीराच्या उत्क्रांतीवर संशोधनाला मुभा दिली होती (आत्मा थेट देवाकडून, ही अट ठेवून), आणि १९९६ मध्ये जॉन पॉल दुसऱ्यांनी उत्क्रांती ही निव्वळ गृहीतकापेक्षा अधिक आहे असं म्हटलं. आम्ही डार्विन बिनधास्त शिकवतो. पृथ्वी सहा हजार वर्षांची असं शिकवणाऱ्या शाळा आहेत, पण त्या बहुतेक इव्हँजेलिकल पंथांच्या. विज्ञानाच्या तासाला देवाने सृष्टी निर्मिली असं शिकवण्याविरुद्धचे १९८७ आणि २००५ चे जे गाजलेले निकाल आपण वाचतो ते सरकारी शाळांपुरते. खासगी धार्मिक शाळांना ते लागू नाहीत, तिथे पाठ्यपुस्तक शाळेच्या मर्जीचं.

अशा एका शाळेतून सातवीत एक मुलगी आली. वडील पहिल्याच भेटीत म्हणाले, पृथ्वीच्या वयावर तिला गोंधळात टाकू नका. मी वयावर एक शब्द बोलले नाही. शंभर नाणी डब्यात घालून हलवायची, ओतायची, छापा आलेली काढून टाकायची, उरलेली मोजायची, पुन्हा डब्यात. साधारण पन्नास, पंचवीस, बारा-तेरा. आलेख काढायचा. मग डब्यात आधी नाणी किती होती आणि आता किती उरली एवढंच सांगून विचारायचं, डबा कितीदा हलवला असेल? अर्धायुष्य (किरणोत्सारी पदार्थ निम्मा उरायला लागणारा काळ; त्यावरून खडकाचं वय काढतात) म्हणजे काय ते वर्गाला कळलं. खडकाचं वय तिने पुढे स्वतः विचारलं. घरी ती काय बोलली मला माहीत नाही आणि मी विचारायला गेले नाही.

मांडवी
मी गोव्यातली, कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, हिंदू. धागाकर्तीला दुसऱ्या खोलीतून सांगते. आम्ही मोरल सायन्सला बसायचो : खरं बोलावं, रांगेत उभं राहावं, आजीला मदत करावी. शेजारच्या खोलीत गाणी, गोष्टी, वाद चाललेले असायचे. आम्हाला वाटायचं खरी मजा तिकडेच आहे. :)

मुद्दा असा की विज्ञानाचा तास हा एकच असा, जिथे दोन्ही खोल्यांतली मुलं तुमच्यासमोर असतात. तिथे कुणी उत्पत्तीवर प्रश्न विचारला तर उत्तर अर्ध्या वर्गापुरतं देऊ नका. आणि देणारच असाल तर मूल्यशिक्षणातल्या मुलालाही विचारायची मुभा द्या, की दशावतारात आधी मासा, मग कासव, मग डुक्कर, म्हणजे आपल्याकडे उत्क्रांती आधीच होती का. हा प्रश्न येणारच. त्याचंही उत्तर मास्तरांच्या दोन रांगांइतकंच सरळ द्यावं लागेल, 'वा वा' म्हणून सोडून चालणार नाही.

टेस्टट्यूब_ताई
मांडवी, अगदी. माझ्या आठवीत हा प्रश्न दर वर्षी येतो. मी म्हणते, क्रम जुळला म्हणून सिद्धांत होत नाही. डार्विनने क्रम नाही सांगितला, नैसर्गिक निवड सांगितली, म्हणजे कसं घडतं ते सांगितलं. मुलं जरा हिरमुसतात, पण ऐकतात.

बावखलकाठी, दोन्ही खोल्यांतल्या मुलांना एकत्र बसवणारा एक उपक्रम देते. भिंतीवरचं कालनिर्णय खाली काढा, जुनी वर्षंही जमवा. नियम सांगा : २१ मार्चला किंवा त्यानंतर येणारी पहिली पौर्णिमा, आणि तिच्या नंतरचा रविवार म्हणजे ईस्टर. आता शोधा. २०२४ : धुळवड २५ मार्च, ईस्टर ३१ मार्च. २०२६ : हनुमान जयंती गुरुवारी २ एप्रिल, ईस्टर ५ एप्रिल. पोरं खूश होतात, होळी किंवा हनुमान जयंती सापडली की ईस्टर सापडतो म्हणून.

मग मुद्दाम २०२५ काढा. हनुमान जयंती शनिवारी १२ एप्रिलला. नियमाने ईस्टर दुसऱ्याच दिवशी, १३ ला यायला हवा. आला २० ला! आता गडबड कुठे? पौर्णिमा तिथी १३ तारखेच्या पहाटेपर्यंत होती, आणि चर्च आकाशातला चंद्र बघतच नाही, कोष्टकातला बघतं. कोष्टकात पौर्णिमा १३ ला, रविवारी. म्हणून ईस्टर पुढच्या रविवारी. निरीक्षण, नियम, नियमाला न जुमानणारं उदाहरण, कारणाचा शोध : विज्ञानाची पद्धत याहून बरी कशी शिकवणार? आणि धर्मशिक्षणाचा तास फुकट गेला असं कुठल्याही सिस्टर म्हणणार नाहीत.

पुढे जायचं असेल तर १५८२. ४ ऑक्टोबर झोपेत संपला आणि दुसऱ्या दिवशी १५ तारीख उजाडली. वसंतसंपात (दिवस-रात्र समान होण्याचा दिवस, नियमातला २१ मार्च) दहा दिवस सरकला होता आणि ईस्टर चुकत चालला होता, म्हणून पोप ग्रेगरींनी पंचांग दुरुस्त करून घेतलं. गणितात क्लाव्हियस हा येशूसंघीय (जेझुइट) होता. इटलीतल्या बोलोन्याच्या सान पेत्रोनियो चर्चमध्ये छताला भोक ठेवून जमिनीवर रेषा आखली आहे, १६५५ सालची, खगोलशास्त्रज्ञ कासिनीने आखलेली. दुपारी सूर्याचा कवडसा त्या रेषेवरून जातो. वर्गाच्या दक्षिणेकडच्या खिडकीला पुठ्ठा लावून एक भोक पाडा आणि दर सोमवारी दुपारी कवडशाची जागा खडूने मारा. दिवाळीपर्यंत रेघ तयार. (शिपाईमामांना आधी सांगून ठेवा, नाहीतर फरशी पुसली जाते.)

बावखलकाठी
ताई, पुठ्ठा उद्याच लावते! पावसाळ्यात कवडसा कुठून आणू, तो भाग वेगळा.

सूर्य-चंद्रावरून आठवलं. आठवीतल्या मुलीने विचारलं की येशूला क्रुसावर दिलं तेव्हा दुपारी तीन तास अंधार पडला, ते सूर्यग्रहण होतं का?

टेस्टट्यूब_ताई
नाही, आणि हे तीच सिद्ध करू शकते. येशूला क्रुसावर दिलं ते ज्यूंच्या ओलांडण सणाच्या वेळी, आणि तो सण पौर्णिमेला. सूर्यग्रहण अमावस्येलाच. शिवाय खग्रास स्थिती एका जागी फार तर साडेसात मिनिटं, तीन तास नव्हे. चेंडू, दिवा आणि तिचं स्वतःचं डोकं एवढं सामान पुरेल.

नगरी_मास्तर
विज्ञानाचा तास इथे संपतो. धर्मशिक्षणाच्या तासाला जुन्या करारातल्या आमोस संदेष्ट्याचा आठवा अध्याय काढा : भर दुपारी सूर्य मावळवीन, भर दिवसा अंधार करीन. शुभवर्तमान लिहिणाऱ्यांना आणि ऐकणाऱ्यांना आमोस पाठ होता. आकाशात नेमकं काय झालं हे आपल्याकडे नाही. धूळ होती, ढग होते अशी कारणं शोधून मजकूर वाचवायला जाऊ नका; त्याने ना विज्ञान शिकवलं जातं ना धर्म.

कृष्णविवर
२८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाचं भित्तिपत्रक करा की! आनुवंशिकतेचे नियम शोधणारा मेंडेल मठवासी, लमेत्र धर्मगुरू (विश्वाच्या प्रसरणावर १९२७ चा निबंध), कोपर्निकस चर्चचा माणूस. आपल्याकडे मुंबईच्या सेंट झेवियर्समधले वनस्पतिशास्त्रज्ञ फादर ब्लॅटर आणि फादर सांतापाव. सांतापाव तर भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे प्रमुख होते. कोलकात्यात जगदीशचंद्र बोसांना भौतिकशास्त्राची गोडी लावणारे फादर लाफाँ. दोन्ही विषयांचं काम एका फटक्यात.

शंकासुर
अशी यादी लावली की समोरच्या भिंतीवर मी गॅलिलिओची लावणार. पृथ्वी सूर्याभोवती फिरते म्हटल्याबद्दल चर्चने चालवलेला १६३३ चा खटला, मरेपर्यंत घरात नजरकैद, आणि चूक झाल्याची चर्चची जाहीर कबुली १९९२ मध्ये. यादीने काय सिद्ध होतं? मेंडेलच्या वाटाण्यांना तो मठवासी आहे हे माहीत नव्हतं.

बावखलकाठी
शंकासुर, या बाबतीत मी तुमच्या बाजूने आहे. भित्तिपत्रक लावलं तर गॅलिलिओ त्याच भित्तिपत्रकावर असेल, नजरकैदेसकट. वनस्पतिशास्त्राची असल्यामुळे मेंडेल मात्र मी सोडणार नाही, पण तो धर्मगुरू म्हणून नाही. शिक्षकाच्या पात्रता परीक्षेत तो नापास झाला होता, आणि तरी बदली शिक्षक म्हणून शिकवत राहिला. १८६५ मध्ये निबंध वाचला आणि १९०० पर्यंत त्याची किंमत कुणाला कळली नाही. आठवी नापास होईन या धास्तीने रडणाऱ्या मुलीला हे सांगायला मला कुठल्याही तासाची गरज नाही.

कलम_तीस
कायद्याचं थोडक्यात. अल्पसंख्याक शाळेला आपली संस्था चालवण्याचा हक्क कलम ३० देतं. पण शासनमान्य किंवा अनुदानित शाळेत कुणालाही धार्मिक शिक्षणाला बसायची सक्ती करता येत नाही. मूल अज्ञान असेल तर पालकांची संमती लागते, कलम २८(३). हे ख्रिस्ती मुलांनाही लागू आहे, बरं का. कॅथलिक आडनाव दिसलं म्हणून बसवलं, असं होऊ नये. प्रवेशाच्या वेळी लेखी संमती घेतली आहे का ते कार्यालयात बघा. नसेल तर मुख्याध्यापकांच्या कानावर घाला, म्हणजे पुढे तुमच्यावर काही येणार नाही.

बावखलकाठी
धन्यवाद. कार्यालयात बघितलं, फॉर्मवर रकाना आहे आणि सही आहे.

मंगळवार झाला. दोन रांगा चालल्या. प्रश्न विचारणाऱ्याने रांगा बघून "म्हणजे हे सेट आधी, मग ॲक्टर" असं म्हटलं आणि मी पुढे काही बोलले नाही. ओरिजेनचं नाव मात्र त्याने वहीत मोठ्या अक्षरांत लिहून घेतलं.

पण त्याच आठवड्यात खरा अवघड प्रश्न वेगळ्याच बाजूने आला. आठवीला 'आरोग्य व रोग' सुरू आहे. मधुमेहावर बोलत असताना एक मुलगा म्हणाला की आजीने गोळ्या बंद केल्या आहेत. एका प्रार्थना शिबिरात जाऊन आली, तिथे कुणीतरी डोक्यावर हात ठेवला, आता बरी आहे म्हणते. साखर तपासलेली नाही. मुलगा मला विज्ञानाच्या तासाला विचारत होता, पण विचारत होता धर्मशिक्षणाच्या टीचरला. वर्गात मूल्यशिक्षणाची मुलंही होती, त्यांच्यासमोर त्याच्या घरचं चर्चेला आणायचं नव्हतं. मी एवढंच म्हटलं की गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुणीही बंद करायच्या नाहीत, आणि मधल्या सुट्टीत भेट.

मधल्या सुट्टीत आमच्या सिस्टरना विचारलं. त्या म्हणाल्या, हे धर्मशिक्षणाच्या तासाला सांग, विज्ञानाच्या नको. विज्ञानाच्या बाईंनी गोळ्या घ्या म्हटलं तर आजी म्हणणार, त्यांना काय कळतं श्रद्धेतलं.

टेस्टट्यूब_ताई
सिस्टरना दंडवत.

नगरी_मास्तर
सिस्टर बरोबर आहेत. आणि तुमच्या कॅथलिक बायबलात तर हत्यार तयार आहे : सिराखचा अडतिसावा अध्याय. वैद्याचा मान राख, त्यालाही देवानेच निर्माण केलं. देवानेच भूमीतून औषधं दिली, शहाणा माणूस ती नाकारत नाही. आमच्या प्रोटेस्टंट बायबलात ते पुस्तक नाही, आम्हाला शुभवर्तमान लिहिणारा लूक वैद्य होता एवढ्यावर भागवावं लागतं.

शंकासुर
आजीला साखर वाढल्याने त्रास होणार आहे, सिराख न वाचल्याने नाही. तपासणी करवून घ्या.

बावखलकाठी
दोन्ही केलं. सिराखचा उतारा दोघांनी मिळून वहीत उतरवला, अध्याय-ओवी सकट, कारण आजी पुरावा मागणार हे त्याला पक्कं ठाऊक होतं. आईशी मी फोनवर बोलले, त्या शनिवारी आजीला दवाखान्यात नेणार आहेत. आमच्या फादरांनाही सांगितलं. ते म्हणाले, रविवारच्या प्रवचनात नाव न घेता बोलतो, कारण धर्मग्रामात अशी ती एकटी आजी नाही.

हडसनकाठची
साखर किती निघाली ते इथे लिहू नका, पण आजी गोळ्या घ्यायला लागल्या का तेवढं कळवा.

मांडवी
आणि मूल्यशिक्षणाच्या खोलीत कोण सांगणार? अंगारा लावून औषध बंद करणारे आजोबा तिकडेही असतील.

बावखलकाठी
मांडवी, तो तास पी.टी.च्या सरांकडे आहे. विचारलं तर म्हणाले, "तुम्ही लिहून द्या, मी वाचून दाखवतो." मी म्हटलं वाचून नको, तुमच्या ग्राउंडवरच्या आवाजात सांगा. तयार झाले आहेत.